डॉक्टर आणि मेडिकलवाल्याचं नातं मार्कांत कसं मोजायचं? (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी जरूर लिहा)

रावेरची_पोर | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी एम.फार्म करतेय, फार्मसी प्रॅक्टिस, शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय ऐकून घरी बाबा हसले. विषय असा की डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांचं कामाचं नातं कसं आहे ते मोजायचं. हो, मोजायचं, आकड्यात.

याच्यासाठी तयार प्रश्नावली मिळते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संशोधकांनी २००४ च्या आसपास बनवलेली, नाव फिजिशियन-फार्मासिस्ट कोलॅबोरेटिव्ह इंडेक्स, सगळे पीपीसीआय म्हणतात. १४ वाक्यं आहेत आणि प्रत्येकापुढे १ ते ७ मधला एक आकडा निवडायचा, १ म्हणजे अजिबात पटत नाही आणि ७ म्हणजे शंभर टक्के पटतं. वाक्यांचे तीन गट: समोरच्यावर भरवसा किती, कोणाचं काम कोणतं हे दोघांत ठरलंय का, आणि बोलणं सुरू करायला पुढाकार कोण घेतं. हिच्या मागे २००१ सालचं मॅकडोनाह आणि ड्युसेट यांचं मॉडेल आहे, त्यात नात्याच्या पायऱ्या आहेत शून्य ते चार. शून्यावर दोघांना एकमेक आहेत एवढंच माहीत असतं, मग ओळख, मग थोडं करून बघणं, मग वाढवणं, आणि चौथ्या पायरीवर दोघंही एकमेकांना धरून काम करतात. सुरुवातीच्या पायऱ्यांवर सगळी धडपड बहुतेक फार्मासिस्टचीच असते असं ते सांगतात, हे मला फार पटलं.

तर मी १४ वाक्यं मराठीत केली आणि एका तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे ट्रायलला घेऊन गेले. भला माणूस, चहा पाजला, दोन मिनिटांत सगळीकडे ७ ला गोल करून कागद परत दिला. ९८ पैकी ९८! मी खूश. खाली उतरले, मेडिकलवर जाऊन म्हटलं आता तुमच्याशी बोलू, तर काउंटरवरचे दादा म्हणतात, "ताई, ते माझे दाजी आहेत."

आता सांगा, हे ९८ मी कुठे लिहू?

शेवभाजी_डबल_तर्री | रात्री १०:५५

सोयरिकीच्या रकान्यात लिही 😂

पांझराकाठ | रात्री ११:०३

ताई आमना गावमा डॉक्टर नि मेडिकलवाला एकच घरना शेतस, मंग नातं काय मोजशी? जेवाले एकच ताटमा बसतस.

काउंटरवरचा_नाना | मंगळवार, दुपारी ३:२०

ताई विषय चांगला घेतला. मी डी.फार्म, २६ वर्षं झाली काउंटरवर उभा आहे, पारोळ्याकडे. माझं मेडिकल कोणाच्या दवाखान्याला जोडलेलं नाही, स्टँडच्या रस्त्याला आहे, त्यामुळे चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात. एक प्रसंग सांगतो, तुझ्या १४ वाक्यांत तो कुठे बसतो ते तूच बघ.

म्हातारी बाई, सांधेवाताची. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांची फाईल होती तिची, त्यात मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. हे औषध म्हणजे आठवड्यालाच घ्यायचं, रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी खाली जातात, माणूस जातो. तर बाईला दर वेळी नाशिकला जाणं जमेना म्हणून गावातल्या डॉक्टरांनी तेच औषध आपल्या चिठ्ठीवर उतरवून दिलं, आणि उतरवताना लिहिलं १-०-०, १५ दिवस. म्हणजे रोज सकाळी एक. मी हातात घेतली चिठ्ठी तेव्हा डोक्यात गेलं ते १५ आकड्यामुळे, कारण या पेशंटला महिन्याला ४ गोळ्या लागतात, १५ कशाला लागतील? पोरगा घाई करू राह्यला, "नाना द्या ना, बस निघी जाई."

फोन लावला. कंपाउंडर म्हणाला साहेब ओपीडीत आहेत. परत लावला, कट केला. शेवटी पोराला सांगितलं की फॉलिक अ‍ॅसिड घेऊन जा, ती दुसरी गोळी उद्या देतो, स्टॉक नाही. खोटं बोललो, स्टॉक होता, पण आणखी काय सांगू, तुझ्या डॉक्टरने चूक केली असं? रात्री दुकान बंद करून स्वतः गेलो दवाखान्यात. साहेब आधी भडकले. "तुम्ही आता मला शिकवणार का?" मी काही बोललो नाही, नाशिकच्या फाईलच्या पानाचा मोबाईलमधला फोटो पुढे केला. दोन मिनिटं बघत बसले. मग चिठ्ठी घेतली, खोडलं, नीट लिहिलं, सही केली. थँक्यू नाही, बस म्हणाले नाहीत.

आणि पुढचे दोन महिने त्यांची एक चिठ्ठी माझ्याकडे आली नाही. एक पण नाही. तिसऱ्या महिन्यात एका पेशंटच्या चिठ्ठीच्या मागे पेनाने लिहून आलं: "नाना, याला किडनीचा त्रास आहे, डोस बघून सांगा."

आता त्या दोन महिन्यांत तू प्रश्नावली घेऊन आली असतीस तर? साहेबांनी मला १ दिला असता आणि मी त्यांना बहुतेक २. आणि आज दोघंही ६ देऊ. कोणता खरा?

रावेरची_पोर | मंगळवार, दुपारी ४:०५

नाना 🙏 हे वाचून हातातलं काम सोडून बसलेय. माझ्या मते दोन्ही आकडे खरे, तारीख वेगळी. पण तुमच्या प्रसंगातली मला टोचणारी गोष्ट ही आहे की नात्याची कसोटी लागली तेव्हा नातं खाली गेलं आणि पेशंट वाचला. म्हणजे स्कोअर कमी आणि काम उत्तम. प्रश्नावलीत असं काही विचारतच नाही.

तापीकाठचा_डॉक | मंगळवार, रात्री ११:३०

मी जनरल प्रॅक्टिस करतो, शहाद्याकडे, ९ वर्षं. नानांचं वाचलं, मान खाली गेली, कारण असं मी पण वागलोय (मेथोट्रेक्सेट नव्हतं, पण वागणं तेच). तरी आमची पण बाजू ऐका.

दिवसाला मेडिकलवरून मला जे फोन येतात त्यातले दहातले नऊ कशाचे असतात माहितीये का, "सर ते ब्रँड नाहीये दुसरं देऊ का". समोर पेशंट बसलाय, त्याची छाती ऐकतोय, कानात स्टेथो, आणि फोन. हो द्या. पाच मिनिटांनी परत, सर ते पण नाहीये. आता दहावा फोन खरोखर महत्त्वाचा असतो पण तोपर्यंत मी कंपाउंडरला सांगून ठेवलेलं असतं की मेडिकलचा फोन आला तर नंतर म्हण. नानांचा फोन कट झाला तो बहुतेक असाच झाला असेल, त्या डॉक्टरला माहीत पण नसेल की नाना होते.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नावलीत "तुमचं किती वेळा बोलणं होतं" असा प्रश्न असेल तर माझा स्कोअर फार भारी येईल, दिवसात दहा वेळा बोलतो आम्ही!

रावेरची_पोर | बुधवार, सकाळी ७:५०

डॉक्टर साहेब, तुम्ही नकळत एका दुसऱ्या प्रश्नावलीवर बोट ठेवलंत. ऑस्ट्रेलियावाल्यांनी दोन वेगळी साधनं केलीत, एक वृत्ती मोजायचं म्हणजे सहकार्याबद्दल काय वाटतं, आणि एक वारंवारता मोजायचं म्हणजे खरंच किती वेळा केलं. दोन्हीच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या आणि फार्मासिस्टसाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत. मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं कारण वाटणं आणि करणं यात आपल्याकडे तापी-गिरणाएवढं अंतर. पण तुमचा ब्रँडचा फोन आणि नानांचा फोन एकाच खात्यात मोजले तर तीही फसणार.

आणि ते ब्रँडचे फोन येतात त्याला फक्त मेडिकलवाले जबाबदार नाहीत हो. औषधांच्या सरकारी नियमावलीत (ड्रग्ज रूल्स) नियम ६५ मधे सरळ आहे की शेड्यूल एच किंवा एक्सचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरं काही देता येत नाही, आत घटक तोच असला तरी. आपल्याकडे एकाच औषधाचे ढीगभर ब्रँड आणि तालुक्याच्या दुकानात त्यातले चार. मग एकतर फोन करा नाहीतर न विचारता देऊन टाका. बरेच जण दुसरं करतात, सगळ्यांना माहितीये.

काउंटरवरचा_नाना | बुधवार, दुपारी ३:१०

बरोबर. आणि जो विचारतो तो साहेबांना त्रास देतो, जो न विचारता देतो तो चांगला मेडिकलवाला. असं झालंय.

खरं_बोलतो | बुधवार, दुपारी ४:४०

सगळे गोड गोड बोलू राह्यले. नातं म्हणजे कट, कमिशन. डॉक्टर जी कंपनी लिहितो ती फक्त खालच्या मेडिकलमध्ये मिळते, गावात बाकी कुठे मिळत नाही, एमआर (औषध कंपनीचा माणूस) वर दवाखान्यात जातो तेव्हा दोघांचं ठरलेलं असतं. माझ्या वडलांची चिठ्ठी घेऊन मी सहा दुकानं फिरलोय, शेवटी परत दवाखान्याच्या खालीच आलो. भरवसा, भूमिका, पुढाकार, ताई तुमच्या तिन्ही गटात हे दोघं पैकीच्या पैकी घेतील. दोघांचा एकमेकांवर लई भरवसा आहे, माझ्यावरच नाही कोणाचा.

शेवभाजी_डबल_तर्री | बुधवार, दुपारी ४:४८

+१. सहावं दुकान बसस्टँडजवळचं होतं का? मी पण तिथंच होतो बहुतेक त्या दिवशी.

तापीकाठचा_डॉक | बुधवार, रात्री १०:१५

खरं_बोलतो भाऊ, नाकारणार नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत कमिशन घेणं-देणं बंद म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी चालतं. पण एक बारीक गोष्ट, दवाखान्याखालचं मेडिकल म्हटलं की कटच, असं नसतं. माझ्या गावात रात्री ९ नंतर एकच मेडिकल उघडं असतं, ते दवाखान्याखालचं, कारण बाकीच्यांना परवडत नाही. रात्री ताप चढलेलं पोर घेऊन येणाऱ्याला ते जवळ असलेलं बरंच असतं.

हिशोबी_मावशी | गुरुवार, सकाळी ६:३०

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त, जळगावात असते. पोरी, तुझी अडचण प्रश्नावलीची कमी आणि अर्थाची जास्त आहे.

तुझे गाइड तुला सांगतील क्रोनबॅक अल्फा काढ, आणि अल्फा ०.७ च्या वर आला की सगळे टाळ्या वाजवतील. तो येईलच, बघ तू. अल्फा एवढंच सांगतो की १४ वाक्यांची उत्तरं एका दिशेला झुकतात. दाजींनी सगळीकडे ७ दिला, दुसऱ्या कोणी चिडून सगळीकडे २ दिला, तरी अल्फा सुरेखच येणार. पण ती वाक्यं कामाचं नातं मोजतात का सासुरवाडीचं, ते अल्फाला कळत नाही. तराजू दर वेळी सारखंच वजन दाखवतो म्हणून तो केळीच तोलतोय असं नाही ना.

दुसरं, आपल्याकडे १ ते ७ दिलं की माणसं शेवटच्या आकड्यावर जातात, समोर पोरगी बसलीये, चहा घेतलाय, कमी कसा द्यायचा. सगळे वरच्या टोकाला जमले की मग चांगला आणि फार चांगला यात फरकच उरत नाही. तू स्वतः समोर बसू नकोस. पाकीट दे, बंद करून घे.

तिसरं, दोघांकडून घे आणि जोडीने बघ. डॉक्टरने फार्मासिस्टला दिलेला आकडा आणि फार्मासिस्टने डॉक्टरला दिलेला, दोन्ही शेजारी ठेव. नानांच्या गोष्टीतलं गाव तुला त्या दोन आकड्यांच्या फरकात दिसेल, बेरजेत दिसणार नाही.

रावेरची_पोर | गुरुवार, दुपारी १:२०

मावशी, तुमच्यासारखे गाइड असते तर! 🙏

भाषांतराची पण एक गंमत सांगते. कोलॅबोरेशनला मी आधी "सहकार्य" लिहिलं. मैत्रिणीच्या बाबांना वाचून दाखवलं, ते एसटीत होते. म्हणाले, "सहकार्य म्हणजे बोर्डावर लिहिलेलं असतं ते ना, कृपया सहकार्य करावे, म्हणजे गप्प बसावे." आणि खरंच, "मी या डॉक्टरांना सहकार्य करतो" याचा अर्थ फार्मासिस्ट "मी त्यांचं ऐकतो" असाच घेतो. मग वाक्यात सरळ "दोघं मिळून ठरवतो" असं केलं. "विश्वास" काढून "भरवसा" केला, कारण विश्वास सगळ्यांवर असतो म्हणे, भरवसा टाकायला माणूस लागतो. कोणाचं काम कोणतं या गटाला तर शब्दच सापडेना, "भूमिकानिश्चिती" लिहिलं तर मीच वाचताना अडखळले.

धडगाव_पोस्टिंग | गुरुवार, रात्री ९:४०

उशिरा वाचतोय, रेंज नव्हती. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे, सातपुड्यात, अक्राणी तालुका. इथे ना मेडिकल ना कट ना दाजी, तरी नातं आहेच, त्याबद्दल लिहितो.

आमचे साहेब बहुतेक बाँडवाले असतात, एमबीबीएस झालं की एक वर्षाची सेवा. चांगली पोरं असतात हो, मेहनती, पण वर्षात जातात. मी इथे ११ वर्षं. म्हणजे तुमच्या त्या पायऱ्या आहेत ना शून्य ते चार, मी दर वर्षी शून्यावरून सुरू करतो आणि दोन-तीनवर पोचलो की साहेबांची ऑर्डर निघते. पहिल्या महिन्यात नवीन साहेब पुस्तकातलं लिहितात, मी सांगतो सर हे आपल्या स्टॉकला नाही, हे आहे. काही रागावतात, काही दुसऱ्याच दिवशी इंडेंट (औषधांची मागणी) आणि स्टॉकची यादी मागून भिंतीला चिकटवतात. यादी चिकटवली की मी समजतो गाडी रुळावर आली. तुमच्या प्रश्नावलीत भिंतीवरची यादी असा प्रश्न टाका, गंमत नाही करत.

आणखी एक. आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट खूप, रक्ताचा आनुवंशिक आजार आहे तो. त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया चालू असलं की मधे मधे रक्त तपासावं लागतं, पेशी खाली जातात का ते बघायला. दिवाळी झाली की निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो. जाताना माझ्या खिडकीवर येऊन म्हणतात, "भाऊ, चार महिन्याच्या गोळ्या दे." साहेबांना सांगत नाहीत, त्यांना वाटतं साहेब ओरडतील. म्हणजे पेशंट निघाला हे पहिले मला कळतं, औषधाच्या खिडकीवर. मागच्या वर्षीच्या मॅडमनी हे पहिल्यांदा गंभीरपणे घेतलं. आम्ही ठरवलं की कोणी जास्त महिन्यांचं मागितलं की मी गोळ्या द्यायच्या आधी कागदावर खूण करून आत पाठवायचं, मॅडम रक्त काढायच्या, आणि तिकडे ज्या गावाला जाणार तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी औषध-डोस-तपासणी सगळं एका पानावर लिहून द्यायच्या. लोक ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचे. मॅडमची बदली जूनमध्ये झाली. नवीन साहेबांना पहिल्या आठवड्यात सांगितलं, म्हणाले बघू.

हिशोबी_मावशी | गुरुवार, रात्री १०:०२

भाऊ, पानाची जुनी प्रत असेल तर नवीन साहेबांच्या टेबलावर ठेवून या. तोंडी सांगितलेलं "बघू" वर जातं.

तापीकाठचा_डॉक | गुरुवार, रात्री ११:१०

धडगाव भाऊ, सलाम. कोणाचं काम कोणतं हे ठरणं म्हणतात ते असंच ना, तुम्ही खूण करायची, मॅडमनी रक्त काढायचं. हुद्द्याने ठरलेलं नाही, कामाने ठरलं.

रावेरच्या ताई, मी काल एक उद्योग केला. माझ्या समोरच्या मेडिकलवाल्याचा नंबर फोनमध्ये कोणत्या नावाने आहे ते बघितलं. ९ वर्षं रोज बोलतोय. "मेडिकल समोरचं" असं आहे. त्याला जाऊन विचारलं तुझ्याकडे माझं काय आहे तर म्हणाला "डॉक्टर साहेब ओपीडी". दोघं हसलो. मग म्हटलं असं कर, ब्रँडचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, मी पेशंट संपला की बघतो, आणि डोसचं किंवा पेशंटच्या जिवाचं असेल तर फोन लाव, लागोपाठ दोनदा. दोनदा वाजला की मी उचलणार, पेशंट समोर असला तरी. एक दिवस झाला, दोनदा वाजलेला नाही अजून, पण एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, "सर यांना तुम्ही स्पायरोनोलॅक्टोन दिलंय, यांचं टेल्मिसार्टन आधीपासून चालू आहे, पोटॅशियम?" दोन्ही औषधं मिळून रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं, म्हणजे खरं तर हा दोनदा वाजवायचा मेसेज होता. त्याने लाजून व्हॉट्सअ‍ॅप केला.

काउंटरवरचा_नाना | शुक्रवार, दुपारी ३:०५

लाजून नाही डॉक्टर साहेब. घाबरून.

पांझराकाठ | शुक्रवार, दुपारी ३:३०

नाना 👏

आणि ताई एक विसरली का, बऱ्याच ठिकाणी भिंतीवर ज्याचं सर्टिफिकेट आहे तो पुण्याला कंपनीत आहे, काउंटरवर बारावी झालेला भाचा. तू प्रश्नावली कोणाला देणार?

रावेरची_पोर | शुक्रवार, सायंकाळी ६:१५

विसरले नाही हो, तीच तर दुखरी नस. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ चं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. कागदावर सगळीकडे आहेच. मी परवा एका दुकानात "फार्मासिस्ट आहेत का" विचारलं तर भाचा म्हणाला "आत्ताच जेवायला गेले". दुपारी गेले तरी जेवायलाच गेलेले, संध्याकाळी पण. अशा ठिकाणी डॉक्टरने कितीही मार्क दिले तरी ते भाच्याला दिलेले. तर त्यांचे कागद मी वेगळे ठेवणार, टाकून देणार नाही, कारण डॉक्टरला माहीत असूनही तो ७ देतो का, हे मला बघायचंच आहे.

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून मी काल रात्री बसून पुन्हा मांडणी केली. १४ वाक्यं तशीच ठेवतेय, ती काढली तर बाहेरच्या कोणत्याच अभ्यासाशी ताडून बघता येणार नाही आणि गाइड पण ऐकणार नाहीत. पण त्यांच्या आधी एक पान येतंय, त्यात मेडिकल कोणाच्या जागेत आहे, मालकाशी डॉक्टरांचं काही नातं आहे का, दोघं किती वर्षांपासून ओळखतात. हे पान फार्मासिस्टकडूनच भरून घेणार, डॉक्टरला विचारलं तर कागदच परत येणार नाही, आणि दाजींचं नातं पहिल्या दिवशी मला कळलं तेही काउंटरवरूनच. आणि शेवटी मोकळी जागा: मागच्या वेळी चिठ्ठीतल्या औषधाबद्दल (ब्रँड सोडून) एकमेकांशी बोललात ते कधी, काय होतं, आणि चिठ्ठी बदलली का. एवढंच. हे दोघांना वेगवेगळं, बंद पाकिटात. डॉक्टरला आठवत नाही आणि फार्मासिस्टला तारखेसकट आठवतं असं निघालं तर तेच माझं प्रकरण तिसरं.

एकदा वाटलं की शेड्यूल एच१ च्या (काही अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या वगैरेंच्या) रजिस्टरवरून काही काढता येईल, २०१४ पासून ते ठेवावंच लागतं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं सगळं असतं आणि तीन वर्षं जपायचं असतं. पण त्यात जे दिलं तेच असतं ना. नानांनी जी गोळी त्या संध्याकाळी दिली नाही ती कुठल्याच रजिस्टरला नाही.

काउंटरवरचा_नाना | शुक्रवार, सायंकाळी ७:४०

माझ्याकडे आहे. दोनशे पानी वही, गल्ल्याच्या खाली. ज्या चिठ्ठीसाठी फोन केला त्याची तारीख, औषध, आणि साहेब काय म्हणाले. सुरुवात त्या मेथोट्रेक्सेटनंतर केली, उद्या काही झालं तर आपल्याकडे कागद असावा म्हणून. पेशंटची नावं आहेत त्यामुळे फोटो टाकणार नाही. पण येऊन बघ, नावं झाकून उतरवून घे.

खरं_बोलतो | शुक्रवार, रात्री ८:१०

नाना तुमचं दुकान कुठे ते व्यनि (खाजगी निरोप) करा. वडलांच्या गोळ्या तिथून घेतो.

काउंटरवरचा_नाना | शुक्रवार, रात्री ८:२२

केला. पण ती कंपनी माझ्याकडे पण मिळणार नाही भाऊ, ती खालीच मिळेल. चिठ्ठी घेऊन या, साहेबांना फोन करू.

रावेरची_पोर | शुक्रवार, रात्री ९:००

नाना, पुढच्या आठवड्यात येते. कोणता वार बरा पडेल?

काउंटरवरचा_नाना | शनिवार, दुपारी ३:१५

बाजाराच्या दिवशी येऊ नको, श्वास घ्यायला वेळ नसतो. बुधवारी ये, तीन नंतर. पोरगं काउंटर बघेल तासभर, चिठ्ठी आली तर मी उठेन. आणि त्या साहेबांना पण पाकीट द्यायचं असेल तर दुपारी दवाखाना बंद असतो, सायंकाळी सहाला जा. माझं नाव सांगू नको आधी, नाहीतर ७ लिहून देतील.

शेवभाजी_डबल_तर्री | शनिवार, दुपारी ३:१९

किंवा १ 😂

काउंटरवरचा_नाना | शनिवार, दुपारी ३:३१

किंवा १. म्हणून म्हटलं.